मदत हवी आहे : राजापूर तालुक्यात घर-जमीन खरेदीसाठी स्थानिक वकील कसा निवडावा?

नमस्कार.

राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या अंगाच्या एका गावात, आम्ही उभयता एक जुने घर आणि त्याभोवतीची जमीन विकत घेण्याच्या विचारात आहोत. घर पसंत आहे आणि भावही साधारण जमला आहे. अडले आहे ते वकिलापाशी. कागद तपासून देणारा, खरेदीखताचा मसुदा करणारा आणि वेळ आलीच तर ‘या व्यवहारात पडू नका’ असे स्पष्ट सांगणारा वकील तालुक्याच्या ठिकाणी कसा शोधावा, पहिल्या भेटीत त्याची पारख कोणत्या प्रश्नांनी करावी आणि फीचे बोलणे कसे करावे, याविषयी माहीतगारांचे मार्गदर्शन हवे आहे. कोणाचे नाव किंवा क्रमांक सुचवायचा असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावा; धाग्यावर निवडीच्या निकषांचीच चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

आम्ही डोंबिवलीत राहतो. यांचे मूळ गाव लांजा तालुक्यात असून तिथल्या सातबाऱ्यावर यांचे नाव आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला देण्यात अडचण नाही. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि कौलारू आहे. पुढे खळे (अंगण), मागे परसू, पलीकडे हापूसची काही जुनी कलमे आणि शेजाऱ्यांबरोबर सामाईक असलेली विहीर. आमच्याशी बोलणी करणारे गृहस्थ गावातच राहतात, त्यांचे दोन भाऊ मुंबईला आहेत आणि एक पुतण्या परदेशात आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सर्वांची संमती आहे.

कागद मात्र तितकेसे सरळ दिसत नाहीत. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे लिहिलेले आहे आणि बहिणींची नावे कुठेही नाहीत. ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा अजून त्यांच्या दिवंगत आजोबांच्या नावे येतो. इतर हक्कांच्या रकान्यात एका कुळाचे जुने नाव असून त्याला कंस (नोंद कमी केल्याची खूण) केलेला आहे. तो कोणत्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) झाला, हे मला उताऱ्यावरून उलगडलेले नाही. विक्रेत्यांचे यावर एकच उत्तर असते, ‘आमच्याकडे सगळ्यांचे असेच असते हो.’ ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. सगळ्यांचे तसेच असते, पण म्हणून ते विकत घ्यावे असा त्याचा अर्थ होत नाही.

वकिलाबाबत आमच्यापुढे सध्या चार पर्याय आहेत. पहिला, व्यवहार जुळवून देणाऱ्या मध्यस्थाने सुचवलेले वकील. ते दोन्ही बाजूंचे काम एकत्र करतात, फी कमी घेतात आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातली सगळी व्यवस्था त्यांच्याकडेच असते, असे आम्हांला सांगण्यात आले. सोय आहे हे खरे. तथापि मध्यस्थाची दलाली खरेदीखत झाल्यावरच मिळणार असल्याने, त्याच्याकडून नेहमी काम मिळणारा वकील ते खरेदीखत अडवून धरील का, ही शंका मनातून जात नाही. दुसरा, बँकेच्या पॅनेलवरचे वकील. दुरुस्तीसाठी थोडे कर्ज काढण्याचा विचार असल्याने बँक मालकीहक्काचा शोध अहवाल मागणारच आहे, मग दुहेरी खर्च कशाला, असे यांचे मत आहे. तिसरा, मुंबईच्या फोर्ट भागातील एक सॉलिसिटर फर्म, जी माझ्या मावसबहिणीने तिच्या सदनिकेच्या वेळी नेमली होती. त्यांचे काम अत्यंत नेटके असते, परंतु पहिल्याच फोनवर त्यांनी सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितले, त्यावरून त्यांचा नित्याचा व्यवहार कोणता हे लक्षात आले. चौथा, राजापुरातील एक ज्येष्ठ वकील. गावात त्यांच्याविषयी सगळेच आदराने बोलतात, पण विक्रेत्यांच्या घराण्यातील वाटणीचा जुना दावा त्यांनीच चालवला होता, असे कळते. ही त्यांची जमेची बाजू मानावी की अडचणीची, हे आम्हांला ठरवता येत नाही.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मज्जाव असल्यामुळे चार ठिकाणचे दर आणि कामाचा तपशील समोर ठेवून तुलना करणे शक्य होत नाही. जे कळते ते ऐकीव आणि बहुधा ज्याचे काम बिनबोभाट झाले त्याच्याकडून कळलेले असते. बिनबोभाट झाले म्हणजे कागद निर्दोष होते असे नव्हे, कारण हरकत घेणारा वारस कित्येक वर्षांनीही उभा राहू शकतो. म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

— खळ्यातली तुळस

माजघर :

मी याच जिल्ह्यात दिवाणी वकिली करतो, त्यामुळे नाव सुचवणे मला योग्य वाटत नाही. निकष मात्र सांगतो.

तुमच्या चारांपैकी पहिला पर्याय सोडून द्यावा. वकील चांगला की वाईट हा प्रश्नच तिथे येत नाही. विक्रेत्याच्या कागदांतील उणीव शोधणे हे खरेदीदाराच्या वकिलाचे काम आणि ती उणीव असूनही व्यवहार पार पाडणे हे विक्रेत्याच्या वकिलाचे काम. ही दोन्ही कामे एका माणसाने प्रामाणिकपणे करायची म्हटली तरी करता येत नाहीत. चौथ्या पर्यायाबाबतही तेच. त्या ज्येष्ठांनी ज्या घराण्याचा दावा चालवला, त्याच घराण्याविरुद्ध सल्ला देण्याची वेळ तुमच्या कामात येऊ शकते. ते खरोखर चांगले वकील असतील तर हे काम स्वतःहूनच नाकारतील, आणि तसे झाल्यास तुमच्यासाठी कोणाकडे जावे हे त्यांनाच विचारावे. तालुक्याच्या बारमध्ये कोणाचे काम कसे आहे, हे सहकाऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसते.

बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो. कर्जाची रक्कम वसूल होण्यापुरते तारण सुरक्षित आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. घराकडे जाणारी वाट, विहिरीतला हिस्सा, कलमांवरची मालकी यांत बँकेला रस नसतो, तुम्हांला मात्र तिथे राहायचे आहे. शिवाय तो अहवाल ग्राहकाच्या हाती पडेलच असेही नाही.

आता पारख कशी करावी. वकिलाला सर्वसाधारण प्रश्न विचारू नका, त्यांना उत्तरेही सर्वसाधारणच मिळतात. तुमचाच सातबारा त्यांच्यापुढे ठेवा आणि ‘ए. कु. मॅ.’ या नोंदीवर बोट ठेवून पुढे काय करावे लागेल ते विचारा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचे नाव लागते, तेव्हा त्यामागे उभे असलेले सगळे हिस्सेदार उताऱ्यावर दिसत नाहीत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबातील मुलींना मुलांप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला आणि त्यासाठी वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा दाखवता येत नसेल, तर बहिणींना खरेदीखतात सामील करून घेणे किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून घेणे आवश्यक आहे. वकील वंशावळ मागतील, कोण केव्हा वारले ते विचारतील आणि जुने फेरफार काढायला सांगतील, तर बसा. ‘सातबाऱ्यावर नावे आहेत तेवढ्यांच्या सह्या पुरेत’ असे म्हणाले, तर चहा घेऊन निघा. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. त्यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही.

दुसरा प्रश्न कुळाच्या नावाचा. नावाला कंस झाला तो कोणत्या क्रमांकाच्या फेरफाराने आणि कोणाच्या आदेशाने, हे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणारा वकील नको. कोकणात खोती (सारावसुलीची वतनदारी) होती, ती 1949 च्या कायद्याने गेली; त्यानंतर कुळकायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन, म्हणजे कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, आला. या दोन्हींचे अवशेष अजून आपल्या उताऱ्यांत सापडतात. कुळाने जमीन सोडल्याचा तहसीलदारांचा आदेश असेल तर ठीक. नुसता तोंडी जबाब असेल तर काळजी घ्यावी लागेल. उलट विक्रेतेच मूळचे कुळ असतील, तर 32-म प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचा दाखला) आणि कलम 43 चे बंधन (अशी जमीन परवानगीविना विकण्यास मनाई) पाहावे लागेल. प्रमाणपत्राला दहा वर्षे होऊन गेली असल्यास आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) चाळीसपट नजराणा सरकारला भरून ती वाट मोकळी होते. मुंबईच्या फर्मला हे समजणार नाही असे मी म्हणत नाही. पण तलाठी सजातले मोडीतले किंवा जीर्ण झालेले फेरफार, तहसीलच्या अभिलेख कक्षातली संचिका हे सारे पाहायला शेवटी ते इथलाच माणूस पाठवतील आणि त्याची फी तुमच्याच बिलात लावतील.

फीविषयी : व्यवहाराच्या रकमेच्या टक्क्यांवर, आणि तीही खरेदीखत झाल्यावर देय, अशी फी ठरवू नये. व्यवहार मोडला तर ज्याचे पैसे बुडतात, तो व्यवहार मोडण्याचा सल्ला देताना अडखळणारच. तीस वर्षांचा शोध व लेखी अहवाल, स्थानिक दैनिकातील जाहीर नोटीस, साठेखत (खरेदीआधीचा करार) व खरेदीखताचा मसुदा आणि नोंदणीच्या वेळची उपस्थिती, असे कामाचे भाग पाडून प्रत्येकाची ठरावीक रक्कम लिहून घ्यावी, आणि अहवाल प्रतिकूल आला तरी त्याची फी पूर्ण द्यावी. शोधाची सरकारी पावती अहवालासोबत मागावी. ती आनंदाने देणारा वकील निम्मी परीक्षा तिथेच पास होतो. मुद्रांक शुल्काचे पैसे कोणाच्याही हाती रोख देऊ नका. ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर स्वतःच्या नावाने चलन भरता येते.

दर्याकिनारी :

मी देवगड तालुक्यात घर घेतले. माझ्याकडून एकच मुद्दा मांडतो : वकील जागेवर येतात का, हे विचारा.

आमचे वकील मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घेऊन सगळ्या गडग्याने (दगडी कुंपणाने) फिरले. न्हाणीघरामागे गडग्यात तीन-चार चिरे काढून केलेली एक खिंड होती. आम्ही ती अनेकदा पाहिली होती आणि तिच्यात विचारण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटले नव्हते. ते थांबले आणि तिथून कोण जाते, असे त्यांनी शेजारच्या आजींना विचारले. त्यांचे अख्खे घर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या परसातून विहिरीवर जात होते. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने असा हक्क मिळतो, आणि तो सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. आम्ही ती वाट मान्य करून खरेदीखतातच तिची रुंदी आणि दिशा लिहून घेतली. आजतागायत शब्दाने शब्द वाढलेला नाही. कलमांचेही विचारून घ्या. कधी कधी जमीन एकाची आणि झाडे दुसऱ्याची निघतात.

घर खाडीजवळ असल्याने सीआरझेडचाही (किनारा नियमन क्षेत्राच्या निर्बंधांचाही) प्रश्न येईल. भरतीरेषेपासूनचे अंतर खाडीकाठालाही मोजले जाते आणि उभे घर दुरुस्त करणे वेगळे, वाढवणे वेगळे. यासाठी किनारा व्यवस्थापनाचा मंजूर नकाशा पाहावा लागतो. तो मी स्वतंत्र वास्तुविशारदाकडून पाहून घेतला.

खळ्यातली तुळस :

माजघर आणि दर्याकिनारी, आपल्या दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. आपण सुचवल्याप्रमाणे राजापूरच्या ज्येष्ठ वकिलांना भेटलो. त्यांनी विक्रेत्यांचे घराणे आपले जुने पक्षकार असल्याचे सांगून काम घेण्यास नकार दिला आणि रत्नागिरीतील एका वकीलबाईंकडे पाठवले. त्यांच्यापुढे सातबारा ठेवताच त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘बहिणी किती, आणि त्यांच्यापैकी कोणी वारल्या आहेत का?’ फी टप्प्याटप्प्याने लिहून देण्यासही त्या तयार आहेत.

आता दोन शंका उरतात. परदेशातील पुतण्याचे कुलमुखत्यारपत्र विक्रेते व्हॉट्सॲपवर मागवून घेऊ म्हणतात, ते चालेल का? आणि मोजणी अजून झालेली नाही. तिचा अर्ज आम्ही करू शकतो का?

माजघर :

नाही, दोन्हींना. कुलमुखत्यारपत्र त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही करून मूळ प्रतीत पाठवावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. खरेदीखताच्या दिवशी ते देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने ते रद्द केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र मुखत्यारांकडून घ्यायला बाईंना सांगा. मोजणीचा अर्ज खातेदारालाच करावा लागतो, म्हणून साठेखतात ‘मोजणी विक्रेत्यांनी करून द्यावी, खर्च खरेदीदारांनी सोसावा आणि ‘क’ प्रत मिळेपर्यंत उर्वरित रक्कम देय होणार नाही’ असे कलम घालावे. खर्च तुम्ही उचलत आहात म्हटल्यावर विक्रेते सहसा आडकाठी करीत नाहीत. केलीच, तर ती का केली हे वकीलबाईंनी विचारावे, तुम्ही विचारू नये.