नवोदयच्या उताऱ्यातले समानार्थी शब्द : सराव कसा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. मुलगी पाचवीत आहे, सोलापुरात मराठी माध्यमात. नवोदय प्रवेश परीक्षा मराठीतूनच देणार आहे (आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे). घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे पुस्तकी मराठी शब्द तिच्या कानावर फारसे पडत नाहीत.

बुद्धिमत्ता आणि गणित ठीक आहे. अडतंय भाषेत. 20 प्रश्न, 25 गुण, सगळे उताऱ्यांवर. समानार्थी शब्दांची यादी तोंडपाठ आहे. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करून एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, असंही केलं. चिठ्ठी दाखवली की लगेच सांगते. पण परवाच्या सराव पेपरात 'राजाने प्रजेवरील कर कमी केला' असं वाक्य होतं. पर्याय हात, सारा, किरण, काम. तिने 'हात' लिहिलं, कारण यादीत तोच अर्थ होता! म्हणजे शब्द येतो, वाक्यातला अर्थ पकडता येत नाही. माझ्या मते इथे आणखी याद्या देऊन उपयोग नाही.

रोज अर्धा तासच मिळतो. वेगळा क्लास परवडणार नाही, मोबाईलवरचा अभ्यास नको आहे. वर्तमानपत्र वाचायला देऊन पाहिलं, बातम्यांची भाषा तिला जड जाते.

ज्यांनी मुलांची ही तयारी घरीच करून घेतली त्यांनी कृपया सांगा : एका शब्दाचे दोन-तीन अर्थ वाक्यातून ओळखायचा सराव नेमका कसा घेतलात, आणि पाचवीच्या मुलाला झेपतील असे उतारे कुठून मिळवलेत?