अनुभव धागा : पहिली-दुसरीच्या वर्गात मुलं दिवसभर करतात तरी काय?

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांचा विषय निघाला की बोलणं पटसंख्या, शिक्षकभरती आणि भाषावादापाशी येऊन थांबतं. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी भांडायलाच हवं. पण सहा-सात वर्षांचं पोर वर्गात बसून नेमकं काय शिकतं, हे कुणी फारसं लिहीत नाही. म्हणून हा धागा. शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा. 'शाळा छान आहे' एवढ्यावर सोडू नका. मूल हातानं काय करत होतं, तोंडानं काय म्हणत होतं, ते सांगा.

शिक्षिका, खानापूर तालुका

माझी शाळा जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातली. पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत. बघणाऱ्याला वाटतं, शिक्षक नाहीत म्हणून पोरं एकत्र कोंबलीत. शिक्षक कमी आहेत हे खरंच, पण नली-कली, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली आनंदानं शिकण्याची पद्धत, तिच्यात वर्ग मुद्दाम असाच बसवतात. ही पद्धत 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीनं सुरू झाली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीतल्या शाळा बघून आलेल्या तिथल्या शिक्षकांनीच ती उभी केली. पुढे ती राज्यभर पसरली.

भिंतीवर शिकण्याची शिडी असते. प्रत्येक पायरीला एक कार्ड, कार्डावर पक्षी, प्राणी अशी खूण. मूल आपली पायरी बघतं, आपलं कार्ड उचलतं आणि आपल्या गटात जाऊन बसतं. एका गटाला पूर्ण माझी मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्या-चौथ्याला सोबत्यांची कमी-जास्त, आणि पाचव्यातली मुलं आपली आपण करतात. आजारी पडून आठवडाभर घरी राहिलेलं पोर परत आलं की सोडलेल्या पायरीवरूनच पुढे निघतं. आमच्याकडच्या पावसात ही सोय फार मोलाची आहे, कारण ओढे भरले की वाड्यांवरची मुलं येऊच शकत नाहीत.

परवाचंच सांगते. दुसरीतली एक मुलगी तेरातून पाच वजा करत होती. समोर दहा काड्यांची रबर लावलेली एक जुडी आणि तीन सुट्या काड्या. ती अडून बसली. "तीनच हाईत की. पाच कुठनं देऊ?" मी उठणार, तेवढ्यात तिसरीतला पोरगा म्हणाला, "जुडी सोड की." तिनं जुडी घट्ट धरली. सोडली तर दहा मोडतील, असं तिला वाटत होतं. त्यानं रबर काढून स्वतःच्या मनगटात अडकवला, सगळ्या काड्या तिच्याकडून मोजून घेतल्या, तेरा भरल्या, मग पाच बाजूला काढायला लावल्या. उरलेल्या आठ तिनं दोनदा मोजल्या. हातच्याची वजाबाकी फळ्यावर शिकवताना मी जे घसा कोरडा करून सांगते, ते त्या मनगटातल्या रबरानं झालं.

हवामानाचा तक्ता तर मुलांनीच बदलला. रोज एक जण त्या दिवसाचं चित्र लावतो. जुलैमध्ये महिनाभर छत्रीच. मुलं कंटाळली. एकजण म्हणाला, "बाई, काल नुसती रिपरिप होती. आज कौलं वाजायलीत. दोन्हीला एकच छत्री कशी?" मग ठरलं की छत्रीखाली रेघा मारायच्या : रिपरिपीला एक, नेहमीच्या पावसाला दोन, झोडपणाऱ्याला तीन. दोन रेघा की तीन, यावर रोज वाद होतो. मी तो होऊ देते.

आई, बेळगाव शहर

माझा मुलगा दुसरीत, मराठी माध्यमात. 2015 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. घरी कुणालाच कन्नड लिहिता येत नाही, म्हणून मला धास्ती होती. त्यांच्या टीचरनी कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए टाळ्यांवर शिकवले. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. आपल्या मराठीत हा फरक लिहून दाखवत नाहीत, त्यामुळे पोरांना तो कानानंच धरावा लागतो. आता सिटी बसची पाटी तो आजीला वाचून दाखवतो. माझं ठाम मत आहे : मराठी वाचन आधी पक्कं झालं म्हणून दुसरी लिपी त्याला जड गेली नाही. ज्यांची पोरं दोन्हीकडे अर्धवट अडखळतात, त्यांनी घरी मराठी गोष्टी मोठ्यानं वाचाव्यात. कन्नडची काळजी थोडी मागे ठेवावी.

आजोबा, निपाणी

काड्या, कार्डं सगळं चांगलं. पण पाढे? नात तिसरीत आहे, सात आठे विचारलं की बोटं मोजते. आमच्या वेळी संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हटल्याशिवाय ताट मिळत नसे. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा येत होते. तंबाखूच्या वखारीत हिशेबाला बसलो, तेव्हा त्याच पाठांतरावर निभावलं. शाळेनं हे सोडू नये.

स्वयंपाक करणारी ताई, बेळगाव तालुका

मी बिसीऊटाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या गरम जेवणाचं बघते. सकाळी क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध. ही योजना ऑगस्ट 2013 पासूनची. दुपारी भात-सांबार. पहिलीची दोन पोरं रोज मला आकडा सांगायला येतात, किती आले, किती नाही. आधी नुसतं 'लई हाईत' म्हणायची. आता दोघं आपापलं मोजून येतात, आकडा जुळला नाही तर मी परत पाठवते. एकाचं नेहमी एक कमी यायचं. तो स्वतःला धरतच नव्हता.

पालक, खानापूर

आमच्या गावची माती कुंभारकामाला नावाजलेली. शाळेत मुलांना हीच माती मळायला देतात. मळून लांब वळ्या करायच्या आणि त्या वाकवून अक्षरं. मुलीचा 'ळ' वहीत कधी बसत नव्हता. मातीची वळी दोन्हीकडून वळवून तिनं तो नीट केला आणि वाळवून खिडकीत ठेवला. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत जोर यायला हवा, हे गुरुजींनी पालकसभेत सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. आता घरी भाकरीचा गोळाही तीच मळते.

शिक्षिका, खानापूर तालुका (पुन्हा)

निपाणीच्या आजोबांना : पाढे आम्ही सोडलेले नाहीत. आधी काड्यांच्या जुड्या लावून सातचा पाढा मुलं स्वतः बांधतात, मग रोज जेवायच्या रांगेत मोठ्यानं म्हणतात. नातीला आधी सात-सात चिंचोक्यांच्या आठ ओळी लावायला सांगा आणि मग परवचा घ्या. पावकी-निमकी मात्र मलाही येत नाही. तुम्हाला पूर्ण येत असेल तर इथेच लिहून द्या, आमच्या तिसरीला ती अर्ध्या-पाव भाकरीच्या धड्याबरोबर घेता येईल.