बेळगावहून दोडामार्गला सायकलने उतरायचंय, हायवे नको. मदत हवी आहे (अर्जंट)

टिळकवाडी_पेडल
सरळ विचारतो. दिवाळीत बेळगावहून खाली कोकणात, गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्गला सायकलनं जायचंय. चोर्ला घाटाचा हायवे नको, ट्रकच्या मागनं धूर खात जायला सायकल घेतलेली नाही. मातीचे रस्ते पाहिजेत, जंगलातल्या वाटा असल्या तर उत्तमच. मॅपवर जांबोटीच्या खाली कृष्णापूर, तळेवाडी, गवाळी अशा गावांना जोडणाऱ्या तुटक रेघा दिसतात. त्यातली एखादी गोव्यात उतरत असणार. कोण गेलंय काय? जीपीएसचा ट्रॅक असला तर टाका. गूगल कर म्हणून सांगणाऱ्यांनी येऊ नये, तेच करून डोळे दुखायलेत.

पंक्चर_मास्तर
सायकल कुठली? टायर किती रुंद? ब्रेक कसले? किती जण? मुक्काम आहे की एका दिवसात? परत कसं येणार? यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस आणि वर अर्जंट.

टिळकवाडी_पेडल
एमटीबी आहे, म्हणजे डोंगरातली जाड टायरची, डिस्क ब्रेक. रस्ता सांगा की मास्तर.

खानापूरचा_पाव्हणा
त्या तुटक रेघा विसर. तो सगळा भीमगड अभयारण्याचा भाग, २०११ पासून. रेघा दिसतात कारण तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या त्या वाटांनी चालतात. चालतात, सायकल मारत नाहीत. मधे ओढे, नदी, आणि दिवाळीपर्यंत पाणी उतरलेलं असेलच असं नाही. कर्नाटक वनखात्याची परवानगी नसेल तर नाक्यावरच परत पाठवतात, आणि कन्नड येत नसेल तर वाद घालायलाही जमत नाही. समजा पार झालास, तर पलीकडं गोव्याचं म्हादई अभयारण्य. म्हणजे दोन राज्यांची दोन वनखाती. शिवाय त्या रानात अस्वलं आहेत. घंटी वाजवून बाजूला होत नाहीत.

वेग_चाळीस
एवढं कशाला डोकं लावायचं? रविवारी पहाटे पाचला निघ, पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. ट्रक सुरू व्हायच्या आत साखळीत. तिथनं डिचोली करून दोडामार्ग. रोडबाईक असेल तर अजून भारी.

टिळकवाडी_पेडल
चोर्ला नको हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. वाचता येतं ना?

वेग_चाळीस
अनुभव सांगितला तर राग. घ्या मग अस्वलं.

हिरवा_कोपरा
कणकुंबीवरून जाणार असाल तर मलप्रभेचा उगम बघाच, आणि कळसा कालव्यासाठी काय खोदून ठेवलंय तेही. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, पण म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी दुसरीकडं वळवलं की खालच्या झऱ्यांचं...

पंक्चर_मास्तर
त्याला सायकलची वाट पाहिजे, पाण्याची नाही. वेगळा धागा काढा.

चंदगडी
आमच्याकडनं ये की. बेळगुंदीवरून राकसकोप. धरणाच्या आसपास शेतातले लाल मातीचे रस्ते आहेत, तुझी हौस तिथंच फिटेल. तिथनं तुडये, हाजगोळी. म्हणजे महाराष्ट्रात आलास, पण पाटी दिसली नाही तर कळणारही नाही. माणसं तीच, भाषा तीच, बाजार बेळगावचाच. गावात विचारत विचारत पाटणे फाट्याला निघायचं. पुढं मोटणवाडी, पार्ले, कोदाळी, तिलारीनगर. हा पट्टा डांबरी, पण झाडीतला आणि बराच निवांत. मग तिलारी घाट उतरून भेडशी, दोडामार्ग.
एक सांगतो, परतीचा पाऊस पडून गेला असेल तर शेतातले रस्ते दोन दिवस तरी टाळ. लाल चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आणि वाळल्यावर वर जी जांभ्याची बारीक खडी सुटते ती बेअरिंगच्या गोळ्यांसारखी. वळणावर पुढचा ब्रेक दाबलास की आडवा.

कॅम्पातला_जुना
तिलारी घाट कालचा. खरी वाट रामघाटाची. आंबोलीकडचा घाटरस्ता होण्याआधी बेळगावच्या कॅम्पातनं, म्हणजे लष्करी छावणीतनं, वेंगुर्ल्याच्या बंदराकडं माल आणि पलटणी रामघाटानंच जायच्या, आपल्या रामघाट रोडला नाव कुणामुळं पडलं मग? मी पायी उतरलोय. एमटीबीला याच्यापेक्षा सुंदर काही नाही. घ्या रामघाट.

चंदगडी
काका, तुम्ही पायी उतरलाय. तो सायकल घेऊन उतरणार. दगड, मोडलेली फरसबंदी, वर रान माजलेलं. सायकल उचलत जायची असेल तर घरीच ठेवलेली बरी. शिवाय तिलारीच्या जंगलाचा बराच भाग २०२० पासून संवर्धन राखीव आहे, तिथं न विचारता घुसायचं नाही.

कॅम्पातला_जुना
हल्लीच्या पोरांना सगळं डांबरीच पाहिजे.

रूळावरचा_गडी
लोंढ्याला ये, सायकल रेल्वेत टाक, कॅसलरॉकला उतर, तिथनं रुळाच्या कडेकडेनं दूधसागर.

खानापूरचा_पाव्हणा
रुळावरून जायला बंदी आहे. २०२३ च्या जुलैमध्ये असेच रुळावरून निघालेले पकडले आणि रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. व्हिडिओ अख्ख्या देशानं बघितला. याला सायकलसकट उठाबशा काढायला लावतील. आणि विचारलंय कुणी दूधसागरचं?

दोडामार्गकर
मी खालचा. चंदगडींनी वाट बरोबर सांगितली. भेडशीनंतर कंटाळा आला तर तिलारीच्या कालव्याच्या कडेनं रस्ते आहेत, सपाट आणि रिकामे. पण मोर्ले, केर, घोटगेवाडी या बाजूला हत्ती फिरतात. दिवाळीत भात कापणीला आलेलं असतं, त्यामुळं संध्याकाळनंतर आणि पहाटे अंधारात त्या भागात सायकल नकोच. आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून हत्ती कुठं आहेत ते विचारायचं. आमच्याकडं ही बातमी पेपरच्या आधी पोचते.
दुसरं, माकडताप. २०१६ ला केरमध्ये साथ आली होती. तो गोचिडांमधून होतो, जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे तुम्ही थोडे आधी येताय. तरी पाचोळ्यात बसू नका, फुल पँट घाला, घरी आल्यावर अंग नीट तपासा. पुढं ताप आलाच तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगा.

टिळकवाडी_पेडल
हे झालं उत्तर! मंडळी, आभार. भाच्याला पण आवडेल.

पंक्चर_मास्तर
कोण भाचा?

टिळकवाडी_पेडल
आठवीत आहे. येणार म्हणून हट्ट धरलाय. त्याची साधी सायकल, बिनगियरची, पण पोरगा दणकट आहे.

पंक्चर_मास्तर
हे आत्ता सांगतोयस? ब्रेक?

टिळकवाडी_पेडल
साधे. रिमला रबर लागतं ते.

चंदगडी
अरे बाबा. तिलारी घाट नागमोडी आणि भलताच तीव्र आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, खाली भेडशीला जवळजवळ कोकणच. ती सगळी उंची त्या थोडक्या वळणांमध्ये संपते. समोरनं गाडी आली तर पोराला थांबता आलं पाहिजे.

वेग_चाळीस
म्हणून म्हणत होतो चोर्ला. चढ-उतार हळू आहे.

खानापूरचा_पाव्हणा
आणि ट्रक?

पंक्चर_मास्तर
भांडू नका. नीट ऐक. रिम ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, तापली की आतली ट्यूब फुटू शकते, आणि ते नेमकं उतारावर होतं. रबर आधी बदल, जुनं कडक झालेलं असणार. केबल ताण. उतरताना दाबायचं, सोडायचं, दाबायचं. दर दोन-तीन वळणांनी थांबून रिम गार होऊ द्यायची. अवघड वळणं चालत, सायकल हातात. पोरगा पुढं, तू मागं. दोघांना हेल्मेट, आणि "गळ्यात अडकवलंय" हे चालणार नाही. तुझ्या डिस्कचे पॅडही बघून घे.

चंदगडी
नाहीतर तिलारीनगरला सायकली टेम्पोत टाक, घाट टेम्पोत उतर, भेडशीपासून परत सायकल. यात कमीपणा काही नाही.

टिळकवाडी_पेडल
टेम्पोचं बघतो. परत येताना एसटीच्या टपावर सायकल घेतात काय?

दोडामार्गकर
नवीन गाड्यांना टपावर कॅरियरच नसतो. जुनी लागली तर कंडक्टरच्या मूडवर. परतीला पिकअप ठरवूनच या. आणि १ नोव्हेंबरच्या आत परत जा, बेळगावच्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीला सायकल लागेल ना तुम्हाला.

टिळकवाडी_पेडल
ती चुकवून कसं चालेल. बरं, ठरलं. राकसकोप, तुडये, पाटणे फाटा, तिलारीनगर, घाट टेम्पोनं, मग भेडशी. ब्रेकचं रबर आज बदलतो. फक्त एक विनंती, भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मी "राकसकोपपर्यंत जाऊन येतो" एवढंच सांगितलंय. इथं कोण ओळखीचं असेल तर गप्प बसा.

कॅम्पातला_जुना
टिळकवाडीत नेमकं कुठं राहतोस रे तू?