मदत हवी आहे: रॉकेटचा माग काढण्यासाठी जमिनीवर कोणता अँटेना घ्यावा?

नमस्कार. छंद म्हणून बनवलेल्या रॉकेटच्या नोजकोनमध्ये (टोकाच्या शंकूत) ४३३ मेगाहर्ट्झचा ट्रॅकर (रॉकेट शोधता यावे म्हणून सिग्नल पाठवणारा रेडिओ) बसवत आहे; नोजकोन फायबरग्लासचा असल्याने (कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतो, म्हणून तो टाळला) आत सुमारे १७ सेंटिमीटरची, म्हणजे पाव तरंगलांबीची, उभी तार सहज मावते. प्रश्न जमिनीवरच्या अँटेनाचा आहे. हातात धरायचा तीन घटकांचा यागी (दांड्यावर आडव्या सळ्या बसवलेला, एका दिशेला रोखायचा अँटेना) दिशा चांगली दाखवतो, परंतु पॅराशूटखाली रॉकेट झुलू लागले की ध्रुवीकरण (रेडिओलहरींच्या कंपनाची दिशा) सतत बदलते आणि दोन्ही अँटेना एकमेकांशी काटकोनात आले, तर सिग्नल २० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक घटू शकतो. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा क्रॉस-यागी (एकाच दांड्यावर काटकोनात बसवलेले दोन यागी) घेतल्यास ही घट ३ डेसिबलच्या आसपास राहते, मात्र तो घेऊन झुडपांतून फिरणे जिकिरीचे. रॉकेट थेट डोक्यावर असताना तारेचे टोकच आपल्याकडे रोखलेले असते आणि त्या दिशेला प्रसारण जवळजवळ होत नाही. यावर अँटेना बदलून उपाय होईल असे वाटत नाही, म्हणून उड्डाणस्थळापासून दूर उभे राहणार आहे.

उड्डाणासाठी क्रॉस-यागी आणि शोधासाठी साधा यागी, अशी जोडी कोणी वापरली आहे का? तसेच अगदी जवळ पोहोचल्यावर सिग्नल इतका तीव्र होतो की दिशा कळेनाशी होते. तेव्हा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम क्षीण करणारे उपकरण) कितपत उपयोगी पडतो, हेही कृपया सांगावे.