हापूसच्या वेबसाइटसाठी लाँग टेल कीवर्ड: 1,800 मधून 40 कसे निवडायचे?

पेटी_5डझन:
देवगड हापूसची ऑनलाइन विक्री आहे, साइट मराठी-इंग्रजी दोन्हीत. कीवर्ड प्लॅनर (गूगलचं जाहिरातदारांसाठीचं, शोधांचे आकडे दाखवणारं साधन) आणि गूगलच्या सजेशनमधून 1,800 कीवर्ड एक्सेलमध्ये उतरवलेत. व्हॉल्यूमने (महिन्याला किती शोध) सॉर्ट केलं की वर 'आंबा', 'मँगो' येतात. तिथे आपला निभाव लागणार नाही, म्हणून लाँग टेल, म्हणजे लांब आणि नेमके शोध हवेत. 'कॉम्पिटिशन लो' लावलं की जे उरतं ते गिऱ्हाईक वाटत नाही. फार तर 40 विषयांवर पानं लिहून होतील, तीही जानेवारीअखेर. गाळणी कशी लावायची?

चाळण:
प्लॅनरमधली 'कॉम्पिटिशन' जाहिरातदारांची असते. गूगलवर वर येणं किती अवघड, याच्याशी तिचा संबंध नाही. तो कॉलम लपवून टाका.

सॉर्ट नंतर. आधी शब्दावरून टेक्स्ट फिल्टर लावून कचरा काढा: कलम, रोप, लागवड, फवारणी (हे बागायतदार आणि नर्सरीवाले), लोणचं, फोटो, निबंध. हो, निबंध. 'आंबा' म्हटलं की शाळकरी पोरं येतातच.

फसवतो तो 'भाव'. 'हापूस आंबा आजचा भाव' गूगलवर टाकून पहिले दहा निकाल बघा. बाजार समितीचे दर आणि बातम्या दिसल्या तर शोधणारा व्यापारी किंवा शेतकरी आहे, तुमची पेटी घेणार नाही. 'देवगड हापूस 5 डझन पेटी किंमत' टाकल्यावर दुकानं दिसली, तर तो कीवर्ड ठेवा. एकाच अर्थाचे शब्द, पण माणसं वेगळी. म्हणून 'भाव', 'दर', 'किंमत' असलेल्या ओळी फिल्टरने उडवू नका, एकेक हाताने तपासा.

'ओरिजनल देवगड हापूस कसा ओळखायचा' माहितीचा प्रश्न असला तरी ठेवा. विचारणारा खरेदीच्या उंबरठ्यावर असतो, फसवणुकीला घाबरलेला. त्या पानावर साल, देठ, वास यांचे जवळून काढलेले फोटो हवेत, आणि 2018 साली मिळालेल्या जीआयची (भौगोलिक मानांकन) नीट माहिती.

मोसमी:
व्हॉल्यूमबद्दल एक गोष्ट राहिली. प्लॅनर 12 महिन्यांची सरासरी दाखवतो. हापूसचे शोध मुख्यतः मार्च ते मेमध्ये. समजा वर्षात 1,200 शोध झाले आणि सगळे त्या तीन महिन्यांत, तर सरासरी 100 दिसेल, प्रत्यक्षात महिन्याला 400. फाइल डाउनलोड केली की महिन्यावार कॉलम मिळतात, तिथे बघा. मात्र जिथे तिथे 50, 500, 5000 हेच आकडे असतील तर ते ढोबळ टप्पे आहेत. जाहिरातीवर खर्च नसलेल्या खात्याला गूगल तेवढंच देतो. त्यावरून क्रम लावू नका.

आणि पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. तोच पत्ता दरवर्षी ठेवून आतला मजकूर बदला, नाहीतर दर मोसमात शून्यापासून सुरुवात.

पेटी_5डझन:
'हापूस', 'हापुस', रोमनमधलं स्पेलिंग, शिवाय 'अल्फोन्सो'... प्रत्येकाचं वेगळं पान? आणि ज्यांचं व्हॉल्यूम शून्य दाखवतंय ते काढायचे का?

चाळण:
दोन कीवर्डचे पहिले दहा निकाल शेजारी ठेवा. चार-पाच पानं सारखी असतील तर विषय एक, पान एक. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी वेगळं पान कधीच नको. मराठी आणि इंग्रजी शोधांचे निकाल बहुतेक वेळा वेगळे निघतात, तिथे दोन पानं चालतात. एवढं केलं की 1,800 ची यादी शंभरेक गटांवर यावी.

'हापूस आंबा कोथरूड', 'हापूस आंबा डोंबिवली' अशी फक्त नाव बदललेली पन्नास पानं मात्र काढू नका. गूगल त्यांना डोअरवे पेजेस म्हणतो, नियमात स्पॅम धरतो. डिलिव्हरीच्या एकाच पानावर पिनकोड, दिवस आणि खर्चाचा तक्ता पुरे.

मोसमी:
शून्यवाले सरसकट काढू नका. सजेशनमध्ये येतो म्हणजे कुणीतरी शोधतंय. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट कुठल्या शोधांत दिसली ते दाखवणारं गूगलचं साधन) मागच्या मोसमाची तारीख लावा (16 महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो), सरासरी पोझिशन (निकालांतला क्रमांक) 8 ते 20 मधल्या क्वेरी, म्हणजे लोकांनी टाकलेले शोध, काढा आणि यादीशी जुळवा. जुळतील ते 40 मध्ये सगळ्यात आधी. नव्या पानाऐवजी जुनंच पान दुरुस्त करून भागतं.

जाहिरातीत मात्र हे शून्यवाले एक्झॅक्ट मॅचला (त्याच अर्थाच्या शोधालाच जाहिरात) टाकून उपयोग नाही, 'लो सर्च व्हॉल्यूम' शेरा पडून ते बंद राहतात. तिथे थोडा मोठा कीवर्ड फ्रेज मॅचला (तो अर्थ ज्यात येतो त्या शोधांनाही जाहिरात) घ्या आणि 'कलम', 'रोप', 'निबंध' निगेटिव्हमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये ती यादी) टाका, देवनागरी आणि रोमन दोन्हीत.