अंगाखाली काय अंथरता? कॅरीमॅट, फुगवायची गादी आणि बिऱ्हाडासकट मुक्काम

गडवाट
माळा आवरताना जुनी निळी कॅरीमॅट हाती लागली आणि हरिश्चंद्रगडाच्या गुहेतला गार कातळ पाठीला आठवला. आता डिसेंबरात भंडारदरा: दोघं मोठे, दोन मुलं (५ आणि ११), गाडी थेट तंबूपर्यंत. पुढच्या वर्षी हीच मंडळी सॅक पाठीवर घेऊन रतनगडावर. एकाच खरेदीत भागेल? मापांसकट लिहा.

सॅकभर_ओझं
पूर्ण नाही भागणार. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनाने चेपतो, त्यातली हवा जाते, म्हणजे खालून ऊब जवळजवळ शून्य. ती अंथरुणानेच द्यायची. म्हणून जाडीआधी आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे अंगातली ऊब जमिनीत जाण्यापासून अडवायची ताकद; आकडा मोठा तितकी ऊब जास्त. साधी १० मिमीची फोम कॅरीमॅट १ ते १.५, घडीची खळग्यांची साधारण २. एकावर एक दोन टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. सह्याद्रीत थंडीतही दोनच्या आसपास पुरतं. केदारकंठ्याला बर्फावर ४-५ हवी. आकड्यासोबत एएसटीएम एफ३३४० छापलंय का बघा. त्या एका पद्धतीने मोजलेले आकडेच एकमेकांशी ताडता येतात.

चहा_टाकलाय
योगा मॅट चालेल का? घरात चार पडल्यात.

सॅकभर_ओझं
गाडीने जाताय तर न्या. पाठीवर नको. ६ मिमीची पीव्हीसी मॅट किलोभर भरते, फोम कॅरीमॅट २००-४०० ग्रॅम.

करवंदाची_जाळी
डबल एअरबेडच्या मोहात पडू नका. आत मोकळी हवा असते, ती फिरत राहते आणि अंगातली ऊब खाली जमिनीला नेऊन देते. आणलाच असेल तर घोंगडी किंवा फोम बेडच्या *वर*, अंगाला लागून घाला. सगळे बेडखाली घालतात, त्याने काट्यापासून बचाव होतो, ऊब फारशी मिळत नाही. शिवाय बाबा कुशीवर वळले की पोर उडतं 😄

माची
+१. आमच्याकडे बाबा नाही, आजी उडते.

पठारावरचा
तंबूचा हिशोब कुणी केला नाही. नेहमीची गादी १८३ × ५१ सेमी. चार मांडल्या की २०४ सेमी, सॅक आणि बूट वेगळे. तंबूवर 'चार माणसं' लिहिलेलं असतं ते खांद्याला खांदा लावून. आतली जमीन टेपने मोजा, मगच गाद्या घ्या. ५ वर्षांचं पोर रात्रभर गोल फिरतं आणि दोन गाद्यांच्या फटीत जाऊन गार पडतं. दोन्ही गाद्या डोक्याकडे आणि गुडघ्यांपाशी पट्ट्याने बांधा, वरून एकच सतरंजी आडवी. लहानग्याखाली फोमच बरा: फुटत नाही, आणि ओला झाला तर फडक्याने पुसला की झालं.

चहा_टाकलाय
ओला का होतो ते आईबापांना विचारू नये.

रात्रपाळी
सेल्फ इन्फ्लेटिंग गादीचं लिहितो (आत स्पंज, व्हॉल्व्ह उघडला की आपोआप हवा ओढून फुगते), पटकन, ट्रेन येतेय. पोचल्या पोचल्या व्हॉल्व्ह उघडून १०-१५ मिनिटं पसरून ठेवा, आधी तंबू उभारा. मग वरून दोन-तीन फुंका. घरी मात्र गुंडाळून ठेवू नका. आतला स्पंज चेपलेला राहिला की पुढच्या वेळी फुलतच नाही. कपाटामागे उभी, व्हॉल्व्ह उघडा. नुसत्या हवेची असेल तर तोंडाने रोज फुगवू नका, श्वासातली वाफ आत जाऊन बुरशी धरते. पंपाची पिशवी मिळते. रात्री गार पडली की आतली हवा आकसते आणि गादी मऊ लागते, ते पंक्चर नव्हे. झोपायच्या आधी दोन फुंका वाढवा.

करवंदाची_जाळी
खरं पंक्चर असेल तर: गादी टाईट फुगवा, साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवा, बुडबुडा आला तिथे पेनने गोल. हवा काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पॅच, वर दगड, चार-पाच तास हात लावायचा नाही. ओल्यावर चिकटवला की सकाळी पॅच एकीकडे, तुम्ही कातळावर. व्हॉल्व्हच्या कडेलाही बोळा फिरवा, पुष्कळदा तिथूनच गळतं. कारवीचे खुंट आणि शेकोटीच्या ठिणग्या, हे दोघे खरे वैरी.

माची
फोमच्या मॅटची चंदेरी बाजू वर की खाली?

सॅकभर_ओझं
वर, अंगाकडे. आणि रतनगडासाठी ग्रॅम वाचवायचे तर मोठ्यांनी १२० सेमीचीच घ्यावी, पायांखाली रिकामी सॅक. कुशीवर झोपणाऱ्याला मात्र ६-८ सेमी जाडी लागते, नाहीतर खुबा टेकतो. त्याने हवेची घ्यावी, आणि तिच्याखाली मुलांची कॅरीमॅट ओढू नये.

पठारावरचा
हवेच्या गादीचा आवाज कोणी सांगितला नाही. वळलं की चिप्सची पुडी फोडल्यासारखी कुरकुरते.

चहा_टाकलाय
आमच्याकडे त्याहून मोठा आवाज शेजारच्या गादीवरून येतो. बाय द वे, हेडटॉर्च कुठला घ्यावा?

माची
वेगळा धागा काढ 🙏

गडवाट
ठरलं. चार घडीच्या फोम, मोठ्यांसाठी दोन सेल्फ इन्फ्लेटिंग वर टाकायला, त्या फक्त भंडारदऱ्याला. निळीचं काय करू?

करवंदाची_जाळी
तुकडे काप. एक बसायला, एक स्टोव्हला वाऱ्याच्या आडोशाला. ज्योतीपासून हातभर लांब हं, फोम आहे तो.