ओहायोतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये आपल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) माणसांचं जमतं का?

सांगलीची_काकी
सर्वांना जय ख्रिस्त. आम्ही दोघं ऑक्टोबरात ओहायोला मुलाकडे चाललोय, नाताळ तिकडेच. त्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं एकच चर्च आहे, एपिस्कोपल. बाहेर पाटी आहे म्हणे, ‘एपिस्कोपल चर्च आपले स्वागत करते’. ह्यांचं म्हणणं, स्वागत काय, सोसायटीच्या गेटवरही लिहिलेलं असतं. आपल्याला प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेऊ देतील का? सून हिंदू आहे, ती सोबत आली तर तिला अवघडायला नको. आणि माझं इंग्रजी बेताचंच. ओळखी होतात का हो तिथं?

मिरजेची_सिस्टर
काकी, जय ख्रिस्त. मी मिरजेला मिशन हॉस्पिटलात नर्स होते, आता अधूनमधून लेकीकडे असते. तिचं चर्च एपिस्कोपलच. प्रभुभोजनाची काळजी सोडा. १९७० साली नागपुरात सीएनआयची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले लोकही त्यात आले, त्यामुळे सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहे. एपिस्कोपल ही त्याच घराण्याची अमेरिकेतली शाखा. बाप्तिस्मा झालेला कुठल्याही मंडळीचा असो, चालतो. पाळकांचं पत्रबित्र कोणी मागत नाही.

फरक पेल्याचा. आपल्याकडे छोट्या छोट्या पेल्या, तिथं एकच मोठा पेला, त्यात खरी वाइन, आणि सगळे त्यालाच ओठ लावतात. जन्मभर नर्सिंग केलेली बाई मी, अंगावर काटाच आला. नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण धरतात, मी तेच करते.

सुनेनं कठड्यापाशी येऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, पाळक आशीर्वाद देतात. बाकावर बसून राहिली तरी कोणी वळून बघत नाही. पाळक बाई असल्या तर ह्यांना आधीच सांगून ठेवा! तिकडे बायकांना पाळक करायचा ठराव १९७६ सालीच झालाय.

आता ओळखी. उपासनेच्या मध्येच सगळे उठून एकमेकांना शांती म्हणत हात मिळवतात, त्यावर जाऊ नका. ‘हाऊ आर यू’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे सरकतात. खरी मंडळी भेटते ती नंतर हॉलमध्ये, कॉफीला. तिथंही मी कोपऱ्यात कप धरून उभीच असायचे. मग सरळ स्वयंपाकघरात शिरले, बाह्या वर केल्या आणि कप विसळायला लागले. आपल्याकडे प्रीतिभोजनाला नवी सून कांदे चिरायला बसली की तासाभरात तिचं माहेर सगळ्यांना पाठ होतं, तसंच झालं. शेजारी कप पुसणाऱ्या आजीबाई आता मी एखाद्या रविवारी दिसले नाही तर फोन करतात. इंग्रजी? ‘हे कुठे ठेवू’ एवढं आलं की सुरुवातीला भागतं.

सदरबझार_सातारा
सिस्टर, कौतुक ठीक, पण तिकडे बाकं रिकामी पडायला लागलीत म्हणून स्वागत जोरात आहे. आणि नवीन काय त्यात? आमच्या साताऱ्यात कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, तीत बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले दोघांनाही जागा होती. आज बदली होऊन आलेलं कुटुंब मागच्या बाकावर बसतं आणि चहा न घेता निघून जातं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक आली की मात्र त्यांचं नाव यादीत आहे का, हे सगळ्यांना तोंडपाठ.

मिरजेची_सिस्टर
बाकं रिकामी आहेत, खरंय. लेकीच्या चर्चमध्ये पिकलेली डोकीच जास्त. म्हणून काय झालं? गरज असलेला माणूस निदान नाव तरी विचारतो. तुमच्या मागच्या बाकाचं बोललात ते मात्र मिरजेलाही लागू आहे, उगाच साताऱ्यालाच बोल नको.

सांगलीची_काकी
भांडू नका हो! ह्यांना वाचून दाखवलं, पाळक बाईंवर हसले, म्हणजे येतील. नाताळला सगळे घरून एकेक पदार्थ नेतात म्हणे. फराळ नेऊ का?

मिरजेची_सिस्टर
करंज्या बिनधास्त न्या, ताट पुसून परत येतं. चिवडा न्यायचा तर शेंगदाणे वगळा, तिकडे बऱ्याच पोरांना त्यांची ॲलर्जी असते. आणि कशात काय घातलंय ते सुनेकडून इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून घ्या, ताटाशेजारी ठेवायला.